पाळकसाहेबांची बदली आणि मधले तीन महिने: दार, चहा आणि भेटी कोण सांभाळणार?

प्रश्न थोडक्यात असा: सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मराठी मंडळी, म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समुदाय, तालुक्याचं गाव, साधारण १२० कुटुंबं, रविवारी दीडशेच्या आसपास माणसं. पाळकसाहेबांची बदली मेअखेरीस होणार आहे, नवे पाळक ऑगस्टपर्यंत येतील. उपासनेसाठी पाहुणे पाळक मिळतील. पण चहापान, नवीन आलेल्यांची विचारपूस, आजाऱ्यांच्या भेटी, पाहुण्यांची सोय हे सगळं आजवर पाळकसाहेब आणि त्यांच्या मिसेसच बघत आले. पास्टोरेट कमिटीने (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) आता स्वयंसेवक कसे उभे करायचे आणि ते टिकवायचे कसे?

सलाम. पाहुणे पाळक मिळणार आहेत, म्हणजे कमिट्या ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घेतात ते काम मार्गी लागलं. पाळक नसताना रविवारची उपासना क्वचितच बंद पडते. गळती लागते ती दुसरीकडे. नवीन आलेल्या कुटुंबाकडे कुणी फिरकत नाही, दवाखान्यात असलेल्या आजींची खबर तिसऱ्या आठवड्यात कळते, उपासना सुटली की पाच मिनिटांत आवार रिकामं होतं. यातलं काहीच कुठल्या वहीत लिहिलं जात नाही, म्हणून कमिटीच्या बैठकीत हा विषय निघतही नाही. नवे पाळक येतात तेव्हा बाकांवर माणसं कमी दिसतात, आणि दोष त्यांच्या उपदेशाला दिला जातो.

तुमची खरी अडचण म्हणजे हे सगळं एकाच घरात साठलेलं आहे. थोडं पाळकसाहेबांच्या डोक्यात, उरलेलं त्यांच्या मिसेसच्या मोबाइलमध्ये. म्हणून स्वयंसेवक शोधण्याच्या आधी, ते घर रिकामं होण्यापूर्वी, ती माहिती कागदावर आणा.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात दोन संध्याकाळी ठरवून घ्या. सेक्रेटरी आणि महिला मंडळातली एक जण असे दोघंच जा; अख्खी कमिटी गेली तर निरोपाचा चहा होतो आणि वही कोरी राहते. विचारायचं ते नेमकं विचारा. घराबाहेर पडू न शकणारे कोण, त्यांच्या घरी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) किती महिन्यांनी नेलं जातं, शेवटचं कधी नेलं? डायलिसिस, केमो, बाळंतपण कुणाचं चालू आहे? गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी मृत्यू झाला? (वर्षस्मरणाची तारीख लिहून घ्या. ती चुकली की माणसं फार मनाला लावून घेतात.) एकटे राहणारे कोण, आणि त्यांच्या शेजाऱ्याचा नंबर काय? जून ते ऑगस्टमध्ये लग्न, बाप्तिस्मा, साखरपुडा कुणाचा ठरला आहे? दफनभूमीत खड्डा खणणारा, शवपेटी करणारा, मंडपवाला, पाण्याचा टँकरवाला यांचे नंबर कुणाकडे आहेत?

विचारायचं नाही तेही सांगतो. लोकांनी पाळकांना विश्वासाने सांगितलेल्या घरगुती गोष्टी, कर्ज, दारू, सून-सासूचं भांडण यातलं काहीही त्या वहीत येता कामा नये. त्यातलं नव्या पाळकांपर्यंत काय पोचवायचं ते जाणारे पाळक स्वतः ठरवतील. ही वही उद्या चार हातांतून फिरणार आहे असं धरूनच लिहा.

त्याच आठवड्यात दोन किरकोळ वाटणारी कामं उरका. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटाचे अ‍ॅडमिन पाळकसाहेब एकटेच असतील तर सेक्रेटरी आणि आणखी एकाला अ‍ॅडमिन करा, आणि गट फक्त सूचनांसाठी ठेवा. पाळक नसलेल्या काळात उघडा गट म्हणजे भांडणाचा ओटा. दुसरं, चाव्या. चर्च, कार्यालय, साठवणीची खोली, माइकचं कपाट, दानपेटी, पाळकगृह: प्रत्येक चावीच्या किती प्रती आणि कुणाकडे, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. रजिस्टरं (बाप्तिस्मा, दृढीकरण म्हणजे मोठेपणी विश्वास कबूल करण्याचा विधी, लग्न, दफन) कुलपात, आणि ती कुणाच्या ताब्यात हे कमिटीच्या ठरावात.

भेटींची वाटणी

१२० कुटुंबांचे आठ भाग करा, गल्ली-वस्तीप्रमाणे. एका भागात पंधरा घरं येतात. प्रत्येक भागाला दोन माणसांची जोडी द्या, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, आणि एकाच घरातले दोघं नकोत. पंधरा घरं दहा आठवड्यांत करायची तर आठवड्याला एक किंवा दोन भेटी होतात. एवढं नोकरी करणाऱ्या माणसालाही जमतं. आठवड्याला पाच भेटी सांगितल्या की पहिल्या आठवड्यात पाच होतात आणि तिसऱ्यापासून एकही होत नाही.

क्रम मात्र ठरलेला हवा. घरात मृत्यू झाला तर त्याच दिवशी. दवाखान्यात दाखल केल्याची खबर आली तर ४८ तासांत. नवीन कुटुंब पहिल्यांदा उपासनेला आलं तर पुढच्या रविवारच्या आत. एकट्या वृद्धांकडे दर पंधरा दिवसांनी. बाकीची घरं सवडीने. भेट वीस मिनिटांची: विचारपूस, एक छोटं वचन, प्रार्थना, आणि निघायचं. जेवायला थांबायचं नाही. जोडी एका घरी जेवली आणि दुसऱ्या घरी नुसता चहा घेतला, की रविवारपर्यंत ते गावभर होतं. दवाखान्यात दहा मिनिटं पुरेत. पेशंटच्या पलंगावर बसू नका, आणि फळांऐवजी सोबतच्या माणसासाठी डबा न्या. उपाशी तोच असतो.

प्रत्येक जोडीने महिन्याच्या शेवटी एक ओळ लिहायची: कुणाकडे गेलो, काही गरज आहे का. बस. सविस्तर अहवाल मागितला की भेट बाजूला राहते आणि चौकशी सुरू होते.

भेटीच्या बाबतीत मंडळ्यांचा जुना वारसा जाणवतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय झाली. त्याआधी अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागातल्या, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्यांत वडीलमंडळी बरंचसं स्वतः चालवत. अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत पाळक आल्याशिवाय पान हलत नसे. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही हा फरक पुसलेला नाही. तुमची मंडळी पहिल्या प्रकारची असेल तर माणसं चटकन पुढे येतील, पण नवे पाळक आल्यावर हातातलं काम सोडवणार नाही. दुसऱ्या प्रकारची असेल तर सुरुवातीला ‘आम्ही प्रार्थना कशी करणार’ म्हणून मागे सरतील. त्यांना पहिल्या दोन भेटींना अनुभवी माणसासोबत पाठवा; मग धीर येतो.

जून महिना

पाळकांच्या बदल्या मुलांच्या शाळा बघून मे-जूनमध्ये होतात. नेमक्या त्याच दिवसांत बँक, रेल्वे, महावितरण, शाळाखात्यातल्या माणसांच्याही बदल्या होतात, आणि पुढे कॉलेजं सुरू झाली की नर्सिंगच्या मुली वसतिगृहात येतात. म्हणजे वर्षात सगळ्यात जास्त नवी माणसं दारात येतात तेव्हा तुमच्याकडे दारात उभं राहणारा माणूस नसतो. बदलीच्या काळात एकच काम धड करायचं असेल तर हे करा.

दाराशी दोघं हवीत, उपासनेच्या वीस मिनिटं आधीपासून पहिलं गीत संपेपर्यंत. एकाने आत नेऊन बसवायचं, दुसऱ्याने दार सोडायचं नाही. उशिरा येणारी नवी माणसंच जास्त असतात, कारण त्यांना वेळ नीट ठाऊक नसते. गीतांची पाच-सहा जादा पुस्तकं दाराशी ठेवा; नव्या माणसाकडे पुस्तक नसतं आणि तो मागायला लाजतो. शेवटचे दोन बाक मोकळे ठेवा, आणि आपल्या मंडळींना पुढे सरकवण्याचा वाईटपणा दारातल्या माणसाने घ्यावा.

नाव, मोबाइल, कुठून आले, कुठे राहतात, एवढं एका छोट्या वहीत. फॉर्म नको, आणि सभासदत्व, वर्गणी, आधीच्या मंडळीचं पत्र हे पहिल्या रविवारी अजिबात नको. उभं करून ओळख करून द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर आधी विचारा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला दीडशे माणसांपुढे उभं राहायचं नसतं. त्याऐवजी चहाच्या वेळी तिला एका घराशी जोडून द्या. ‘या काकू, तुमच्या वसतिगृहाच्या मागच्याच गल्लीत राहतात.’ अशा मुलींना महिन्यातून एका रविवारी दुपारचं घरचं जेवण मिळालं तर त्या तीन वर्षं मंडळी सोडत नाहीत. मात्र जेवायला दोघी-तिघींना मिळून बोलवा, एकटीला नको, आणि वसतिगृहाच्या परतीच्या वेळेआधी पोचवा.

शेजारपाजारचं, दुसऱ्या धर्माचं कुणी उत्सुकतेने आलं तर खुर्ची आणि चहा द्या. नाव लिहायला लावू नका.

पावसाळ्याची तयारी फुकट जात नाही: दाराशी छत्र्यांसाठी दोन बादल्या, पुसायला पोतेरं, पायपुसणी, आणि पायरीवर शेवाळ धरण्याआधी एकदा ब्लीचिंग पावडर. वृद्ध माणूस चर्चच्या पायरीवर घसरला तर पावसाळा संपेपर्यंत परत येत नाही.

चहा

चहाला कमी लेखू नका. पाळक असताना लोक त्यांना भेटायला थांबतात. पाळक नसताना थांबण्याचं निमित्त फक्त चहा उरतं.

दीडशे माणसं आली तरी चहाला शंभर-एकशे दहा धरा. शंभर कपांना (९० मिलीचा कप): दूध ५ लिटर, पाणी ५ लिटर, साखर ९०० ग्रॅम ते १ किलो, चहा पावडर २५० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम. आटून नऊ-साडेनऊ लिटर उरतो. एका छोट्या पातेल्यात पंधरा कप बिनसाखरेचा वेगळा, कारण मधुमेहाची माणसं तुमच्या अंदाजाहून जास्त असतात. आलं दूध घालण्याआधी पाण्यात उकळवा, नाहीतर दूध फाटण्याची भीती. पाणी आणि पावडर शेवटच्या गीताच्या आधी उकळलेली असावी, दूध उपदेश संपताना चढवावं. आशीर्वादानंतर तीन मिनिटांत कप हातात आला तर माणसं थांबतात, दहा मिनिटं लागली तर फाटकाबाहेर.

चार माणसांच्या चार तुकड्या करा, महिन्यात एकेक रविवार. पाचवा रविवार तरुण संघाकडे. तुकडीत किमान एक पुरुष असावा, आणि त्याने नुसते कप वाटायचे नाहीत, पातेलीही घासायची. हे लिहायला लागू नये, पण लागतं. एकाच महिला मंडळावर चहा, फुलं, प्रभुभोजनाची तयारी आणि पाहुण्यांचं जेवण असं सगळं टाकलं की नाताळच्या आधीच बायका थकतात आणि ‘यंदा केक आम्ही करणार नाही’ म्हणून मोकळ्या होतात. त्यांचं बरोबरच असतं.

चहाचे पैसे अर्पणात मिसळू नका. वेगळा डबा, वेगळी वही, महिन्याला खजिनदाराची सही. पाळक नसताना पैशांच्या बाबतीत कुजबुज लवकर सुरू होते. अर्पणही दोघांनी मोजून, दोघांच्या सहीने, सोमवारी बँकेत.

आणि चहाच्या टेबलावर नव्या पाळकांविषयी अंदाज, जुन्यांविषयी तक्रारी आणि डायोसिसच्या (बिशपच्या हाताखालच्या प्रांताच्या) बातम्या यांचा अड्डा जमतो. थांबवता येत नाही. निदान कमिटीच्या माणसांनी त्या घोळक्यात उभं राहू नये. त्यांनी रिकामे कप घेऊन हिंडावं.

स्वयंसेवक मागायचे कसे

व्यासपीठावरून ‘ज्यांना सेवा करायची आहे त्यांनी सेक्रेटरींना नावं द्यावीत’ अशी घोषणा केली की नेहमीचीच चार-पाच नावं येतात. माणूस समोर गाठून, काम नेमकं सांगून मागावा लागतो: ‘महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेआठ ते नऊ, दाराशी. नवे पाळक आल्यावर तीन महिन्यांनी तुम्ही मोकळे.’ काम, वेळ आणि शेवट, तिन्ही सांगा. शेवट सांगितला नाही तर सूज्ञ माणूस हो म्हणत नाही, कारण चर्चमध्ये एकदा घेतलेलं काम पंधरा वर्षं गळ्यात राहतं हे त्याने पाहिलेलं असतं.

दारासाठी आठ, चहासाठी सोळा, भेटींसाठी सोळा: चाळीस माणसं लागतात. १२० कुटुंबांत ती मिळतात, अट एकच, एका माणसाला एकच काम. कमिटीच्या सभासदांना यातलं शक्यतो काही देऊ नका. पाळक नसल्यामुळे त्यांच्यावर आधीच पत्रव्यवहार, दुरुस्त्या आणि बैठकांचा भार असतो. माणसं निवडताना वर्षभरात कधीच न विचारलेल्यांची यादी आधी काढा. दृढीकरण नुकतंच झालेली मुलं, निवृत्त शिक्षक, आणि मंडळीत सून म्हणून आलेल्या मुली. या मुलींना कुणी विचारतच नाही.

शब्बाथशाळेचं (रविवारच्या मुलांच्या वर्गाचं) मात्र वेगळं. तिथे माणसांची चणचण आहे म्हणून कुणालाही उभं करू नये. वर्गात कायम दोन मोठी माणसं, वर्गाचं दार उघडं, मुलांना एकट्याने गाडीवरून सोडायला नेणं बंद. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, आणि ‘पाळक आल्यावर बघू’ ही सबब चालत नाही. शिक्षकांना हे जूनच्या पहिल्याच बैठकीत सांगा.

पाहुणे पाळक

प्रभुभोजन दीक्षित पाळक किंवा बिशपच चालवू शकतात, त्यामुळे पहिल्या रविवारी कोण येणार हे तिन्ही महिन्यांचं आत्ताच ठरवून डायोसिस कार्यालयाला कळवा. मधल्या एखाद्या रविवारी कुणीच मिळालं नाही तर वचनाची उपासना तुमच्यापैकी कुणी घेऊ शकतो. कोण घेणार तेही आधी ठरवा, शनिवारी रात्री नव्हे.

पाहुण्यांना गुरुवारपर्यंत हे कळायला हवं: वेळ, वाचनं, गीतं कोण निवडणार, उपदेश किती मिनिटांचा चालतो, वाढदिवसांची प्रार्थना असते का, प्रभुभोजन घेणारे साधारण किती, छोटे प्याले की एकच प्याला. छोटे प्याले असतील तर दीडशे जणांना प्रत्येकी १२ मिली म्हणजे १.८ लिटर द्राक्षरस. दोन लिटर तयार ठेवा. एसटी स्टँडवरून कोण आणणार त्याचं नाव आणि नंबर एकच. उपासनेआधी नाश्ता हलका, आणि व्यासपीठावर झाकलेलं पाणी. मानधन किती ते कमिटीने एकदाच ठरवावं, सगळ्यांना सारखं; प्रवासखर्च वेगळा; दोन्ही पाकिटात घालून जेवणाआधी द्या. निघताना फाटकाशी हातात नोटा कोंबणं बरं दिसत नाही.

जेवण एका घरी. त्या घराला एकच सूचना: मंडळीतली भांडणं ताटावर वाढायची नाहीत. आज आलेले पाळक उद्या डायोसिसच्या बैठकीत नव्या पाळकांच्या शेजारी बसणार आहेत.

मृत्यू आणि लग्न

या काळातली खरी कसोटी म्हणजे एखाद्या मंगळवारी सकाळी आलेला मृत्यूचा फोन. कुटुंबाने पाळक शोधत फोन फिरवावेत ही वेळ येऊ देऊ नका. एक नंबर मंडळीत जाहीर करा, आणि त्या माणसाकडे शेजारच्या तीन पाळकांची नावं क्रमाने असू द्या. तिघांशी आधीच बोलून ठेवा. कुणीच वेळेत पोचू शकत नसेल तर दफनविधी कोणी घ्यायचा हे बिशप कार्यालयाला विचारून लेखी घ्या. घरी त्या दिवसाचा चहा, पाणी, संध्याकाळचं जेवण भागाच्या जोडीने पाहायचं: साधी खिचडी, कढी, बाहेरगावच्या माणसांसह पंचवीस-तीस जणांचा अंदाज (तांदूळ अडीच किलो, डाळ सव्वा किलो). मृतदेह घरी असेपर्यंत त्या घरात चूल पेटवायला लावू नका.

लग्नाचं कागदोपत्री लांबतं, म्हणून जून ते ऑगस्टची लग्नं मेमध्येच तपासा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न कोण लावू शकतो ते ठरवलेलं आहे. कमिटीतले वडील, कितीही ज्येष्ठ असले तरी, लावू शकत नाहीत. काही अपवाद सोडले तर वेळही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधलेली आहे, तेव्हा गोरजमुहूर्तासारखा उशिराचा हॉल घेण्याआधी विचारा. तीन रविवार घोषणा करायची तुमची पद्धत असेल तर त्या घोषणा कोण करणार, रजिस्टर कोण काढून देणार, हे पाहुण्या पाळकांवर सोडू नका.

निरोप आणि स्वागत

निरोपसमारंभ शेवटून दुसऱ्या रविवारी ठेवा. शेवटचा रविवार शांतपणे प्रभुभोजनाचा असू द्या. सामान बांधलेलं असताना त्या कुटुंबाला तीन तासांची भाषणं झेपत नाहीत. बोलणारे चार: कमिटी, महिला मंडळ, तरुण संघ, शब्बाथशाळा. प्रत्येकी तीन मिनिटं. थैलीची रक्कम व्यासपीठावर जाहीर करू नये. पुढच्या पाळकांच्या निरोपाला ती मोजपट्टी होते.

प्रीतिभोजन ठेवलं तर शंभर जणांना बिर्याणीसाठी तांदूळ १० किलो, हाडासकट चिकन १५ किलो, कोशिंबिरीला दही ४ किलो. त्यातल्या वीस-पंचवीस जणांसाठी शाकाहारी पुलाव वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. मेच्या उन्हात शिजलेला भात आणि चिकन एका तासाहून जास्त तसंच ठेवायचं नाही. उपासना साडेअकराला सुटणार असेल तर पहाटे पाचला शिजवून ठेवण्यात अर्थ नाही. आचाऱ्याला बिर्याणी अकराला दमावर ठेवायला सांगा. उरलेलं ‘घरी न्या’ म्हणून चार वाजता वाटणं हा सगळ्यात सर्रास होणारा घोळ आहे, आणि सोमवारी पोटं बिघडतात ती त्यामुळे.

पाळकगृह रिकामं झालं की लगेच कामाला लागा. रंगाला आणि वाळायला आठ-दहा दिवस, पावसात त्याहून जास्त. टाकी धुणं, गटार, गिझर, पंखे, संडासाची टाकी, वीजबिलाची थकबाकी, गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर, हे एका यादीत. बाहेरच्या दाराचं कुलूप बदला. जुन्या कुटुंबावर अविश्वास म्हणून नव्हे. आधीच्या वीस वर्षांत किती चाव्या वाटल्या गेल्या हे कुणालाच माहीत नसतं.

नवं कुटुंब आल्यावर तीन दिवस दोन्ही वेळचा डबा, एकाच माणसाच्या देखरेखीखाली. काय खात नाहीत, लहान मुलं किती, औषधपाणी काय, हे फोनवर आधी विचारा. चौथ्या दिवशी डबा बंद. पुढे चालू ठेवला तर त्या घरच्या बाईला स्वतःचं स्वयंपाकघर लागत नाही, आणि डबा देणाऱ्यांत चुरस लागते. पहिला आठवडा कुणी भेटायला जायचं नाही. मुलांच्या शाळाप्रवेशाला मदत करणारा एक माणूस तेवढा द्या. आणि मिसेस महिला मंडळाच्या अध्यक्ष होणार, शब्बाथशाळा बघणार असं गृहीत धरू नका. त्यांची नोकरी असू शकते, त्यांना नकोही असू शकतं.

पदग्रहणाच्या दिवशी सगळी मंडळी रांगेने हात मिळवते आणि पाळकांना एकही नाव लक्षात राहत नाही. त्याऐवजी पुढचे चार रविवार चहाच्या वेळी दोन-दोन भाग त्यांच्यासोबत बसवा. महिनाभरात आठही भाग होतात, आणि भागाची जोडी शेजारी बसून नावं सांगते. मेमध्ये केलेली वही, ताज्या नोंदींसह, पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात द्या. त्यात कोण कुठल्या गटाचा हे लिहू नका. ते त्यांना आपोआप कळेलच.

जुन्या पाळकांना लग्नाला, दफनाला बोलवायचा मोह होतो. बोलवायचं तर नव्या पाळकांमार्फतच, आणि ही गोष्ट जाणाऱ्या पाळकांशी निरोपाआधीच बोलून घ्या. बहुतेकांना ती पटते, नंतर सांगितली की टोचते.

नव्या पाळकांना तीन महिने झाले की चाळीसही जणांना त्यांच्या कामातून मोकळं करा, उपासनेत नावं वाचून आभार माना, आणि यादी कोरी करा. ज्यांना चालू ठेवायचं आहे त्यांना पाळक स्वतः पुन्हा बोलावतील. हे केलं नाही तर दाराशी उभा राहणारा माणूस बदलणंही नव्या पाळकांना जड जातं, कारण तो बदल अपमान ठरतो. तोवर उपासनेची वेळ, चहाची जागा, बाकांची मांडणी यातलं काहीही बदलू नका. एखादी सुधारणा कितीही चांगली वाटली तरी कमिटीने ती या काळात करू नये. ती नव्या पाळकांच्या खात्यावर जमा होते, चांगली असो वा वाईट, आणि त्यांना ती विचारलेलीही नसते.